निष्कर्षाची कोरी ओळ

दहावीची परीक्षा जवळ आली की आपल्या घराघरांतून एका वहीचा शोध सुरू होतो. तपकिरी कागदाचे वेष्टण, डावे पान कोरे, उजवे रेघी. डाव्या पानावर पेन्सिलीने काढलेली आकृती आणि उजव्या पानावर शाईने लिहिलेले पाच मथळे : उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. ही प्रयोगवही. थोरल्या बहिणीची वही धाकट्या भावाच्या हाती जाते, शेजारच्या मुलाची वही एका रात्रीपुरती मागून आणली जाते आणि सकाळपर्यंत अठरा प्रयोग 'पूर्ण' होतात. त्यांतील अनेक प्रयोग त्या मुलाने केलेलेच नसतात. तरीही प्रत्येकाच्या शेवटी निष्कर्ष असतो आणि तो बिनचूक असतो.

मी स्वतः नवी मुंबईतील एका शाळेत जीवशास्त्र शिकवीत असे. सांगावयास संकोच वाटतो, पण आरंभीची कित्येक वर्षे मीदेखील निष्कर्ष फळ्यावर लिहून देत होतो. तासिका पस्तीस मिनिटांची, वर्गात साठ मुले, सूक्ष्मदर्शक दोन. सबब सांगणे कठीण नव्हते. परंतु ज्या प्रयोगाचे उत्तर आधीच ठरलेले आहे त्याला प्रयोग म्हणावे काय, हा प्रश्न मनातून जात नव्हता. त्याचे उत्तर शोधताना शालेय जीवशास्त्राच्या प्रयोगांचा इतिहास मला वाचावा लागला. तो इतिहास आणि त्यानंतर आमच्या वर्गात घडलेली एक लहानशी घटना वाचकांपुढे ठेवीत आहे.

वहीतला प्रत्येक प्रयोग कधी काळी प्रश्न होता

आपल्या मुलांच्या वहीत जे प्रयोग असतात, ते कोणीतरी, कोठेतरी, उत्तर ठाऊक नसताना केलेले असतात. इंग्लंडमधील जोसेफ प्रीस्टली याने १७७१ साली बंद भांड्यातील, मेणबत्ती विझल्यामुळे निकामी झालेल्या हवेत पुदिन्याची एक डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकली. वनस्पती हवा 'सुधारते' एवढे त्याला कळले. मात्र तोच प्रयोग पुन्हा करता कधी तो साधे, कधी फसे. असे का, याचे उत्तर यान इंगेनहाउस या डच वैद्याने दिले. १७७९ च्या उन्हाळ्यात त्याने पाचशेहून अधिक प्रयोग केले आणि दाखवून दिले की, हे कार्य वनस्पतीचे हिरवे भाग करतात व त्यासाठी सूर्यप्रकाश लागतो. अंधारात ठेवलेल्या कुंडीतील पान आयोडीनने निळे होत नाही, हा आपल्या मुलांचा प्रयोग त्याच प्रश्नाचा वंशज आहे. प्रीस्टलीचा फसलेला प्रयोग इंगेनहाउसला उपयोगी पडला, ही गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल. सडक्या मांसातून किडे आपोआप जन्मतात, अशी समजूत युरोपात शतकानुशतके होती. फ्लॉरेन्सचा वैद्य फ्रान्सेस्को रेडी याने १६६८ साली काही बरण्यांत मांस ठेवले. काही उघड्या ठेवल्या, काहींवर तलम कापड बांधले. उघड्या बरण्यांत अळ्या पडल्या, झाकलेल्यांत पडल्या नाहीत. माश्यांखेरीज अळ्या नाहीत, हे सिद्ध झाले. परंतु सूक्ष्मजीवांचे काय? अठराव्या शतकात या प्रश्नावर दोन कॅथलिक धर्मगुरूंचा वाद झाला. इंग्लंडचे फादर जॉन नीडहॅम म्हणाले की, उकळून बंद केलेल्या रश्शातही जीव आपोआप निर्माण होतात. इटलीचे फादर लाझारो स्पालान्झानी यांनी तोच प्रयोग अधिक काळजीने केला. कुपीचे तोंड वितळवून पूर्ण बंद केले आणि रस्सा बराच वेळ उकळला; त्यात काही निर्माण झाले नाही. दोघेही वेदीवर मिस्सा अर्पण करणारे, दोघेही सृष्टिकर्त्यावर श्रद्धा ठेवणारे. तरी हा वाद त्यांनी शास्त्रवचनांच्या आधारे लढविला नाही. दोघांनीही कुपी पुढे केली. पुढे १८६० च्या सुमारास लुई पाश्चर याने हंसाच्या मानेसारख्या वळणदार नळीच्या कुपीने त्या वादाचा शेवट केला.

उघड्या आणि झाकलेल्या अशा दोन बरण्या शेजारी शेजारी ठेवणे, एकाच गोष्टीत फरक करणे आणि बाकी सारे सारखे राखणे, हे प्रयोगाचे मर्म आहे. जी बरणी तुलनेसाठी ठेवावयाची तिला आपण नियंत्रक म्हणतो. मुलांच्या वहीत ती आकृतीपुरती उरते.

ब्रनोचा मठवासी शिक्षक

प्रयोगाची आखणी म्हणजे काय, हे समजून घ्यावयाचे असेल तर ग्रेगोर मेंडेल यांच्याकडे गेले पाहिजे. ऑगस्टीन संघाचे हे मठवासी आपल्या श्रद्धेच्या घरातले म्हणून आपण त्यांचा अभिमान बाळगतो. पण ते शाळाशिक्षक होते याचा आपल्याला विसर पडतो. जन्म १८२२ चा, शेतकऱ्याच्या घरी. १८४९ साली ते झ्नॉयमो गावी हंगामी शिक्षक झाले. कायम शिक्षकपदासाठी लागणारी परीक्षा त्यांनी १८५० साली दिली व ते अनुत्तीर्ण झाले. मग मठाने त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात पाठविले. १८५४ पासून सुमारे चौदा वर्षे ते ब्रनो येथील माध्यमिक शाळेत पदार्थविज्ञान व निसर्गविज्ञान शिकवीत होते. १८५६ साली पुन्हा परीक्षेला बसले आणि ती याही वेळी पुरी होऊ शकली नाही. आनुवंशशास्त्राचा जनक अखेरपर्यंत हंगामी शिक्षकच राहिला.

त्याच १८५६ साली त्यांनी मठाच्या बागेतील अरुंद वाफ्यात वाटाण्याचे प्रयोग सुरू केले व ते १८६३ पर्यंत चालविले. पण त्यापूर्वीची दोन वर्षे त्यांनी केवळ बियाणे पारखण्यात घालविली. वाटाण्याचे चौतीस प्रकार मागवून पेरले, त्यांतील जे पिढ्यानपिढ्या एकसारखे निपजतात असे बावीस निवडले. त्यानंतर सात लक्षणे ठरविली, आणि तीही अशी की पाहणाऱ्याला संशय राहू नये : दाणा गोल की सुरकुतलेला, पिवळा की हिरवा, झाड उंच की बुटके. वाटाण्याचे फूल स्वतःच्याच परागांनी फळते. म्हणून कळी उमलण्याआधी पुंकेसर काढून टाकावयाचे आणि दुसऱ्या झाडाचे पराग हाताने लावावयाचे, हे काम शेकडो वेळा केले. एखादा कीटक मध्येच परागांची सरमिसळ करील, ही शंका होती. ती फेडण्यासाठी प्रत्येक प्रयोगातील काही झाडे त्यांनी कुंड्यांतून काचघरात ठेवली. ती त्यांची झाकलेली बरणी.

मग मोजणी. गोल दाणे ५४७४, सुरकुतलेले १८५०. पिवळे ६०२२, हिरवे २००१. तीनास एक हे प्रमाण त्यांनी ८ फेब्रुवारी व ८ मार्च १८६५ रोजी ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे मांडले. ती सभा भरली ते स्थळ म्हणजे ते शिकवीत होते ती शाळाच. १८६६ साली निबंध छापला गेला आणि जवळजवळ चौतीस वर्षे कोणाच्या विशेष ध्यानात आला नाही. मेंडेल १८८४ च्या जानेवारीत निवर्तले. १९०० साली तीन वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांचे काम पुन्हा उजेडात आणले.

एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. वाटाण्यानंतर मेंडेल यांनी हॉकवीड नावाच्या रानफुलावर तसेच प्रयोग केले. तेथे तीनास एक हे प्रमाण आले नाही. संकराची संतती जशीच्या तशी निपजत राहिली. ते फूल बहुधा परागाशिवायच बी धरते हे तेव्हा कोणाला माहीत नव्हते. स्वतःच्या सिद्धान्ताला अडचणीत आणणारे ते निरीक्षण मेंडेल यांनी दडविले नाही. १८६९ साली त्याच मंडळापुढे वाचले आणि छापून दिले.

मेणाच्या तबकातील बेडूक

मग आपल्या शाळा-महाविद्यालयांतून प्रश्न नाहीसा का झाला? त्याचे एक मूळ लंडनमध्ये सापडते. टॉमस हक्सली यांनी १८७१ साली साउथ केन्सिंग्टन येथे शिक्षकांसाठी प्रात्यक्षिकांचा वर्ग भरविला. व्याख्यान ऐकण्यापेक्षा प्रत्येकाने स्वतः प्राणी पाहावा, चिरून पाहावा, हा त्यामागील हेतू त्या काळी क्रांतिकारक होता. निवडक प्राणी आणि वनस्पती 'नमुना' म्हणून घेऊन त्यांचा क्रमाने अभ्यास करण्याची ही रीत हक्सली व मार्टिन यांच्या १८७५ च्या पुस्तकामुळे सर्वत्र पसरली आणि ब्रिटिश वळणाच्या विद्यापीठांतून आपल्याकडेही आली. मात्र नमुना ठरला, त्याची आकृती ठरली, नावे ठरली, की विद्यार्थ्याने शोधावयाचे काही राहत नाही. मेणाचे तबक, चार टाचण्या, क्लोरोफॉर्मचा वास आणि उताणा बेडूक, ही दृश्ये आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असतील. बेडकाचे हृदय कोठे असते हे पुस्तकात लिहिलेले असे. ते तेथेच आहे एवढीच खात्री करावयाची.

याच काळात मुंबईत निसर्गाकडे पाहण्याची एक वेगळी परंपरा उभी राहत होती, आणि तिचे श्रेय येशूसंघीय धर्मगुरूंकडे जाते. स्वित्झर्लंडहून १९०३ साली आलेले फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतींचा जो संग्रह उभारला, तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. स्पेनमध्ये जन्मलेले फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी ते काम पुढे नेले. खंडाळ्याचे डोंगर पायांखाली घालून त्यांनी तेथील वनस्पतींची नोंद केली. तो ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अशा संग्रहातील वाळविलेल्या प्रत्येक फांदीखाली एक चिठ्ठी असते : कोठे मिळाली, कोणत्या तारखेला, कोणी गोळा केली. अपेक्षित नसलेल्या ठिकाणी एखादे रोप मिळाले तर ते तसेच नोंदावयाचे. चिठ्ठीवरील तारीख खोटी असेल तर सारा संग्रह निरुपयोगी. प्रयोगवहीला हाच नियम लावला असता तर किती बरे झाले असते!

बेडकाची कथा मात्र पुढे वेगळ्या वाटेने गेली. भाताच्या खाचरांतून पकडलेले लक्षावधी बेडूक तंगड्यांच्या निर्यातीसाठी मारले जात. खाचरांतील कीड खाणारा हा जीव नाहीसा होऊ लागल्यावर १९८७ साली केंद्र सरकारने ही निर्यात बंद केली. प्रयोगशाळांतील विच्छेदनाविरुद्धही आवाज उठत गेला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली ते टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे मार्गदर्शन केले आणि २०१४ साली प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतून ते थांबविण्यास सांगितले. काही शिक्षकांना वाटले की प्रात्यक्षिकच संपले. माझे मत निराळे आहे. मेलेल्या बेडकाला विचारण्यासारखे प्रश्न विद्यार्थ्यापाशी फारसे नव्हते. जिवंत गांडुळाला, रुजणाऱ्या दाण्याला, केळ्यावर घोंघावणाऱ्या चिलटाला विचारण्यासारखे पुष्कळ आहेत.

खाडीच्या दोन्ही काठांवर

स्वातंत्र्यानंतर विज्ञानशिक्षण सुधारण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिल्या दहा वर्षांच्या शिक्षणात विज्ञान व गणित सर्वांना आवश्यक करावे अशी शिफारस केली. महाराष्ट्रात १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि विज्ञान घराघरांत पोहोचले. पण विषय सर्वांचा झाला, प्रयोगशाळा सर्वांच्या झाल्या नाहीत.

शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा माध्यमिक शाळांत एक धाडसी उपक्रम सुरू झाला. मुलांनी गटाने प्रयोग करावयाचे, वहीत स्वतःच्या शब्दांत लिहावयाचे, आणि परीक्षेलाही पुस्तक व वही सोबत न्यावयाची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनीही त्यात हातभार लावला. तीस वर्षे चालून, शेकडो शाळांत पसरून, २००२ साली सरकारी निर्णयाने तो बंद पडला.

त्याच टाटा संस्थेने १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन केले. आरंभी ते नाना चौकातील महापालिकेच्या शाळेत होते. १९९२ साली मानखुर्दला स्वतःच्या वास्तूत आले. योगायोग असा की, त्याच वर्षी जानेवारीत नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली आणि मे महिन्यात मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला रेल्वे धावू लागली. २००८ साली जगभरातील विद्यार्थ्यांचे जीवशास्त्र ऑलिंपियाड या केंद्राने मुंबईत भरविले. मला मात्र त्याहून मोलाचा वाटतो तो तेथला एक साधा उपक्रम. मुलांनी बाटलीत केळ्याची फोड ठेवून चिलटे पकडावयाची, पाण्यातले सूक्ष्म जीव दुधाच्या काही थेंबांवर वाढवावयाचे, घराच्या कोपऱ्यातच प्रयोगशाळा मांडावयाची, आणि जे दिसेल त्यावर एकमेकांना प्रश्न विचारीत राहावयाचे. येथे प्रयोगशाळेच्या खर्चाची सबब उरत नाही.

स्पर्धांनीही काही वाट मोकळी केली. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून सहावी व नववीच्या मुलांसाठी होत आली. तिच्यात प्रात्यक्षिक आणि कृतिसंशोधन यांना स्थान आहे. १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने मुलांच्या लहान गटांना आपल्याच परिसरातील प्रश्न निवडावयास सांगितले. मात्र बक्षीस आले की पालकही आले. वडिलांनी आखलेले, आईने रंगविलेले आणि मुलाने पाठ केलेले प्रकल्प मी परीक्षक म्हणून पाहिले आहेत. निष्कर्ष फळ्यावरून उतरविणे आणि तो बाबांकडून घेणे यांत फरक तो काय?

भाताचे दाणे आणि खाडीचे पाणी

आता आमच्या वर्गाची गोष्ट. वर्ष १९९८, महिना जुलै, इयत्ता नववी. त्या वर्षी मी ठरविले की एक तरी प्रयोग असा करावयाचा, ज्याचे उत्तर पुस्तकात नाही. मुलांनी प्रश्न सुचविले. त्यांतून एक निवडला गेला : खाडीच्या पाण्यात भात रुजतो काय?

प्रश्न या मातीतलाच होता. सिडकोने १९७० नंतर ठाणे, पनवेल व उरण भागातील ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर वसविले, त्याआधी येथे मिठागरे होती, आणि बांध घालून खाडीपासून राखलेली खारजमिनीतली भातशेती होती. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खारट जमिनीत तग धरणारे 'पनवेल' नावाचे भाताचे वाण दिले आहेत. वर्गातील दोघातिघांच्या घरी अजून थोडी शेती होती. भाताचे दाणे त्यांच्याकडूनच आले.

आखणीला दोन तासिका लागल्या. एका बशीत खाडीचे पाणी जसेच्या तसे, दुसरीत निम्मे खाडीचे व निम्मे नळाचे, तिसरीत एक भाग खाडीचे व तीन भाग नळाचे, चौथीत केवळ नळाचे. प्रत्येक बशीत वीस दाणे. एका बशीवर भरवसा कसा ठेवावा, असे एका मुलीने विचारले. म्हणून प्रत्येकीच्या तीन प्रती केल्या. बारा बशा, दोनशे चाळीस दाणे. मग वाद झाला तो 'रुजला' म्हणजे काय यावर. कोणी म्हणे टरफल फुटले की रुजला, कोणी म्हणे हिरवा कोंब दिसला की. अखेर ठरले : मोड दाण्याइतका लांब झाला की तो मोजावयाचा. मोजणारा आणि लिहिणारा निराळा असावा, हेही मुलांनीच ठरविले. अठरा वर्षांच्या नोकरीत मी मुलांना इतक्या तन्मयतेने भांडताना पाहिले नव्हते.

आठवड्यानंतर निकाल पाहून सारे हिरमुसले. चारही प्रकारच्या बशांतून दाणे रुजले होते. खाडीच्या निव्वळ पाण्यातले थोडे मागे होते इतकेच. एका हुशार गटाच्या वहीत मी डोकावलो, तर निष्कर्षाच्या जागी पेन्सिलीने आधीच लिहून ठेवलेले होते : 'खाऱ्या पाण्यात बी रुजत नाही.' गटप्रमुख मुलगा माझ्याकडे पाहत म्हणाला, "सर, प्रयोग चुकला. निरीक्षण बदलू का?"

त्याच्या त्या प्रश्नात कपट नव्हते. आठ वर्षे शाळेने, आणि त्यांतील काही काळ मी, त्याला हेच शिकविले होते. निष्कर्ष पवित्र, निरीक्षण बदलता येण्यासारखे. मी त्याला म्हणालो, "निरीक्षण आहे तसे राहू दे. निष्कर्षाची ओळ मात्र कोरी ठेव." त्याला ते पटले नाही. कोरी ओळ म्हणजे कमी गुण, हे त्याला ठाऊक होते.

उत्तर सोमवारी आले, आणि ते एका मुलाच्या आजीकडून आले. तिने आयुष्यभर खारजमिनीत लावणी केली होती. पावसाळ्यात खाडीला गोड पाणी मिळते, खारीतले मीठ धुऊन जाते, म्हणून तर भात पावसाळ्यात लावतात, असे तिने नातवाला सांगितले होते. आम्ही पाणी आणले होते ते चार दिवसांच्या मुसळधार पावसानंतर, तेही ओहोटीच्या वेळी! खाडीचे पाणी म्हणजे खारे पाणी, हे आम्ही गृहीत धरले होते. ते मोजले मात्र नव्हते.

फेब्रुवारीत आम्ही तोच प्रयोग पुन्हा केला. या वेळी भरतीचे पाणी आणले, त्यातले मोजके पाणी आटवून उरलेले मीठ रसायनशाळेच्या तराजूवर तोलले आणि जुलैतल्या बाटलीत जपून ठेवलेल्या पाण्याशी ताडून पाहिले. बशा झाकल्या, कारण पाण्याची वाफ होत गेली तर खारटपणा वाढतो, हे आता मुलांच्या ध्यानात आले होते. या वेळी निव्वळ खाडीच्या पाण्यात एकही दाणा रुजला नाही. प्रयोग संपला असे समजून मी बशा धुवायला सांगितल्या, तेव्हा जुलैत प्रतींचा आग्रह धरणारी ती मुलगी म्हणाली, "सर, हे दाणे मेले की नुसते थांबलेत, ते कुठे पाहिलंय?" ते दाणे धुऊन नळाच्या पाण्यात ठेवले. चार-पाच दिवसांनी त्यांतल्या काहींना मोड आले. हा प्रश्न माझ्या आखणीत नव्हता.

मेंडेल यांचा उत्तरार्ध

मेंडेल यांच्या कथेचा एक भाग मी मागे राखून ठेवला होता. १९३६ साली रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने मेंडेल यांचे आकडे पुन्हा तपासले आणि एक अवघड गोष्ट सांगितली : हे आकडे अपेक्षेशी जरुरीपेक्षा जास्त जुळतात. निसर्ग इतका नेमका सहसा वागत नाही. एखाद्या साहाय्यकाने, काय यावयास हवे ते जाणून, मोजणीत हात राखला असावा, अशी शंका त्याने व्यक्त केली. त्यावर अनेक दशके वाद झाला. संशयास्पद दाणे मोजताना नकळत झुकते माप पडले असेल, असे काहींनी म्हटले. फिशरची गणितेच वाजवीहून कठोर आहेत, असे इतरांनी दाखविले. मेंडेल यांचा नियम खरा आहे, याविषयी मात्र कोणाला शंका नाही. हॉकवीडचे प्रतिकूल निरीक्षण स्वतःहून छापणाऱ्या माणसाने वाटाण्याचे आकडे घडविले असतील, हे मला तरी पटत नाही.

परंतु या वादातून शिक्षकाने घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. नियम खरा असूनही आकडे अतिशय सुबक असतील तर जाणकार संशय घेतो. आपल्या मुलांच्या वह्यांत साठच्या साठ जणांचे निरीक्षण तंतोतंत सारखे असते आणि आपण त्यावर लाल शाईने 'उत्तम' लिहितो! प्रामाणिकपणा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवितो, आज्ञांमध्ये पाठ करून घेतो. त्याच मुलाच्या हातात वीस दाण्यांची बशी असते आणि त्यांतले तेराच रुजलेले असतात, तेव्हा त्या आज्ञेची परीक्षा होते. त्या वेळी 'तेरा' लिहिणाऱ्याला शिक्षा आणि 'वीस' लिहिणाऱ्याला शाबासकी मिळत असेल, तर मूल आपल्याकडून काय शिकते याचा विचार पालकांनी आणि शिक्षकांनी मिळून करावयास हवा.

यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. वर्षातून एक प्रयोग मुलांच्या प्रश्नावर करावा. उत्तर शिक्षकालाही ठाऊक नसावे. दाणे पुरेसे घ्यावेत, तुलनेची बशी विसरू नये, मोजावयाचे काय ते आधी ठरवावे, आणि फसलेल्या प्रयोगालाही गुण द्यावेत. घरी वही शोधताना आईवडिलांनी मुलाला एवढेच विचारावे : यातले तुझे काय फसले, आणि ते का फसले? त्या प्रश्नाला उत्तर देता आले तर त्याने जीवशास्त्राचा एक तरी प्रयोग खरोखर केला असे समजावे.

नववीच्या त्या वर्गातील गटप्रमुखाने दहावीला जाताना आपली वही माझ्याकडे ठेवली. जुलैच्या पानावर पेन्सिलीचे 'रुजत नाही' खोडलेले आहे. पुसट अक्षरे अजून वाचता येतात. निष्कर्षाची ओळ सात महिने कोरीच होती. तिच्यावर फेब्रुवारीची तारीख घालून त्याने शाईने लिहिले आहे : 'जुलैत खाडीचे पाणी आम्ही समजलो तितके खारे नव्हते. हे आम्ही मोजायला विसरलो. पुढील पान पाहा.'